दुसरा गिअर

मानवतच्या जिनिंगवर गाठी भरल्या
की जिलानी मिस्त्री फाटकाशी येऊन म्हणायचा,
"जा, पन दुसऱ्या गिअरवरचा हात सोडू नको."
हे मुंजाजी ड्रायव्हरला नाही, मला.
मी किन्नर. वय सोळा, पगार जेवणावर.

नाकवाली गाडी, टाटा-बेंझ.
नाकावरचा तारा कुणीतरी कधीच उपटून नेलेला,
उरलेल्या भोकात मुंजाजी उदबत्ती खोचायचा.
सेल्फ मेलेला, म्हणून मुक्काम उतारावर.
सपाटीवरच्या ढाब्यातून मटणाचा वास आला
तरी आम्ही पुढं जायचो,
माथ्यावरच्या बेचव पिठल्याशी थांबायचो.
आठ वर्षं मी उतार बघून जेवलो.

काट्यानं चाळीसवर ठाण मांडलेलं.
गाडी पळो, की पंक्चर होऊन चौसाळ्यात दिवसभर उभी राहो,
चाळीस.
बंबशेठ बजावायचे, चाळीसच्या वर नको.
मुंजाजी काट्यावर बोट ठेवायचा,
"बगा शेठ, हिनं तुमचं कवा ऐकलं नाही?"

पंपानं हवा धरली की नळी तोंडात घेऊन ओढायची.
दिवाळीच्या करंजीलाही डिझेलचा ढेकर.

एकदा वसमतची हळद होती,
आणि रात्री दोनला रेडिएटर गळायला लागला.
मुंजाजीनं पोत्यात दाभण खुपसलं,
ओंजळभर हळद काढली, ओतली आत.
गळती थांबली.
पण पहाटेपर्यंत बॉनेटमधून ती वाफ,
आणि सगळ्या रस्त्याला मांडवाचा वास.
नाक्यावरच्या शिपायानं विचारलं, "लगीन कुनाचं?"
"हिचंच," मुंजाजी म्हणाला,
"नवरा पळून गेलाय, हुडकायलोत."

राहिला मांजरसुंब्याचा घाट.

दुसरा टिकायचा नाही. दाता झिजलेला,
चढावर हिसका बसला की दांडा उसळून बाहेर.
स्टिअरिंगला मुंजाजीचे दोन्ही हात लागायचे,
वळणावर छातीसुद्धा.
म्हणून गिअर माझा.
दोन्ही तळवे दांड्यावर, गुडघ्याचा टेकू,
पायाखाली इंजिनची धग,
आणि कान एका शब्दाकडं: "सोड."
माथ्यावर तो शब्द यायचा.
तोवर मुंजाजी बोलायचा नाही,
आणि मला इंजिनचा दम कुठला
अन् त्याचा कुठला, कळायचं नाही.

एकदा सुटला.
डुलकी नव्हती. घाम होता हाताला.
इंजिन मोकळं ओरडलं, गाडी मागं निघाली,
ब्रेक तर तिसऱ्या दाबाला लागणारा.
मी ओट घेऊन उडी कधी मारली ते आठवत नाही.
लाकूड चाकाखाली करकरलं, तेवढं आठवतं.
मागं अडीच हात रस्ता होता, मग दरी.

मुंजाजी उतरला. शिवी नाही, थप्पड नाही.
बिडी पेटवायला त्याला चार काड्या लागल्या.
मग म्हणाला,
"मिस्त्रीला सांगू नको."

गाडी पुढं जालन्याच्या भट्टीत गेली म्हणे.
कुणाच्या तरी स्लॅबमधे सळई होऊन पडली असेल,
निदान सपाटीवर.
जिलानी गेला, त्याला कळलं नाही.
मुंजाजीचा निरोप मला तेराव्यानंतर मिळाला.

परवा भाच्याच्या गाडीत बसलो, चौदा चाकी.
काच बंद, आत गार, गिअर दोन बोटांनी.
बीड सोडलं, म्हटलं आता घाट.
तो म्हणाला, "घाट? मघाच गेला की मामा."
मी खाली पाहिलं.
माझे दोन्ही तळवे गुडघ्यांमधे,
एकमेकांवर घट्ट, ओले.

"काय झालं?"
काही नाही म्हणालो.
मिस्त्रीला सांगू नको.
"कोन मिस्त्री?" म्हणत त्यानं
गाणं जरा मोठं केलं.